गव्हाच्या कोठारात नेटी मझुराक

माणूस स्वतःपलीकडे कुणासाठी काही करत नाही, हे मत नेटी मझुराकने केल्डन गावात सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. गावात कुणी गेलं की मयताच्या जेवणासाठी दीडशे पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, तीच वळायची. कुणी आभार मानले तर म्हणायची, "उपकार कसले? माझ्या मयताला चार माणसं यावीत, एवढंच." नवरा स्टॅन वारल्यापासून शेती ती एकटी बघत होती आणि तिचं हे मत आणखी पक्कं झालं होतं.

शेजारच्या ऑर्व्हिल टँगेनने ते अधिकच पक्कं केलं. त्याने आपल्या दलदलीचं पाणी काढायला चर खणला आणि नेटीचं खालचं शेत दोन हंगाम पाण्याखाली गेलं. तिने सरकारदरबारी तक्रार केली. सुनावणी मार्चमध्ये होती. ऑर्व्हिलची मुलं कॅल्गरीत, शेतीत रस नसलेली. म्हातारा गेला तर जमीन विकली जाईल आणि चरही बुजेल, हे गावात सगळे बोलायचे. नेटीसमोरसुद्धा.

त्या फेब्रुवारीत एका मयताचं जेवण आटोपून मी आणि नेटी तिच्या गाडीतून भांडी घेऊन परतत होतो. मी तिचा पलीकडचा शेजारी. ऑर्व्हिलच्या अंगणात पत्र्याच्या उंच, गोल कोठारातून गहू खेचणारं यंत्र धडधडत होतं, पण त्याच्या तोंडातून एक दाणा पडत नव्हता. माणूस कुठे दिसेना.

नेटीने गाडी आत घातली. आधी यंत्र बंद केलं, मग शिडीने कोठाराच्या माथ्यावर चढली. मी मागोमाग. झाकणातून खाली पाहिलं, तर ऑर्व्हिल हनुवटीपर्यंत गव्हात रुतलेला. थंडीने गव्हाची ढेप झाली होती, ती फोडायला उतरला आणि खाली ओढला गेला. त्याच्या डोक्यामागे गोठलेल्या गव्हाची भिंत उभी होती, दोन पुरुष उंच, पत्र्याला कशीबशी चिकटलेली.

मी बंबवाल्यांना फोन केला. ते चाळीस किलोमीटरवर.

"तोवर तो टिकायचा नाही," नेटी म्हणाली. "श्वास सोडला की गहू आवळतो, पुन्हा छाती फुगवता येत नाही."

"नेटी, ती भिंत बघ. आत जाऊ नकोस. बंबवाले येतीलच."

"मग तू उतरतोस?"

मी शिडीचा दांडा आणखी घट्ट धरला. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. ऑर्व्हिलच्या शेडमधून मला दोर आणि एक फळी आणायला लावली, दोर कमरेला बांधला, दुसरं टोक शिडीला आवळलं आणि फळी गव्हावर सोडून खाली उतरली. फळीवर पालथी पडून ती त्याच्याकडे सरपटत गेली. मधला दोर माझ्या हातात होता.

"कोण? नेटी?" ऑर्व्हिलचा आवाज कागद फाटल्यासारखा येत होता.

"मीच. बोलू नकोस."

"मी गेलो तर तुला बरंच होतं..."

"गप्प बस. चराचं भांडण मार्चमध्ये. आत्ता नाकाने श्वास घे."

तिने त्याच्या तोंडापुढे दोन्ही तळव्यांचा आडोसा धरला. वरून दाणे घरंगळत येत, ती ते बोटांनी उपसत राही. हातमोजे तिने काढून टाकले होते. बाहेर उणे सव्वीस अंश. भिंतीतून मधूनच करकर ऐकू यायची आणि मूठभर गहू सुटायचा. प्रत्येक वेळी मी दोर ताणायचो आणि ती ओरडायची, "सोड रे, मला मागे ओढू नकोस."

बंबवाले आले आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी पत्रा कापायला घेतला. करवतीच्या थरथरीने भिंतीचा वरचा भाग कोसळला. गहू नेटीच्या पाठीवरून तिच्या डाव्या खांद्यापर्यंत आला. धूळ बसली तेव्हा तिचे हात होते तिथेच होते, त्याच्या नाकाशी. मग कापलेल्या पत्र्यातून गहू बाहेर वाहू लागला, ऑर्व्हिलची छाती मोकळी झाली आणि तो लहान मुलासारखा रडला.

तिची तीन बोटं हिमदंशाने कायमची बधिर झाली.

पुढे गावातल्या हॉटेलात कॉफीच्या टेबलावर आठवडाभर हाच विषय. निवृत्त मास्तर ड्वेन म्हणाले, "तो मेला असता तर गावाने तिच्यावरच संशय घेतला असता. ते टाळलं तिने. म्हणजे स्वार्थच."

"बरोबर आहे," नेटी म्हणाली आणि साखर मागितली.

मार्चमध्ये ऑर्व्हिल सुनावणीत इंचाइंचासाठी भांडला. चर थोडा वळवायचा ठरला, बाकी शेत तसंच ओलं राहिलं. परत येताना मी विचारलं, "पश्चात्ताप होतो?"

तिने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "मास्तर म्हणतात ते मी घरी जाऊन तपासलं. स्वार्थ सुचायला आधी मी आठवायला हवी ना? तिथे मला मी आठवलेच नाही. तो श्वास घेतोय की नाही, एवढंच दिसत होतं."

"मग तुझं ते मत?"

"ते मत चुकलं असेल तर चुकलं. पण गावात बोलू नकोस, मला चिडवतील."

मी अर्थातच बोललो नाही. दोर धरला म्हणून लोक माझीही पाठ थोपटतात. तू उतरतोस का, असं तिने मला विचारलं होतं आणि मी शिडी धरून उभा राहिलो, हे मात्र ती आजवर कुणाजवळ बोललेली नाही.