मनीवर सूड, आईच्या पाठीवर आग

मैत्रिणींनो, आज शेतात घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

ऐन भातलावणीत आमच्या मनी मांजरीने आईच्या पावसात पांघरायच्या नव्या इरल्याची पानं नखांनी ओरबाडली. मारलं तर पाप, म्हणून तिची खोड मोडायला मी काल इरल्याला मिरचीचं पाणी चोपडलं.

आज तेच इरलं पाठीवर घेऊन आई खाचरात वाकली आणि सर आली.

"आगं बया, पाठ लई भगभगतीया! इरलं पारूनं विणलंय, तिनंच कायतरी लावलंय. सांजंला बघतेच सटवीला!"

पारू माझी चुलती, बिचारी निर्दोष.

मनी आता खांबावर खुशाल नखं घासते आहे. तिथं आधीच तिच्या नखांसाठी तरट, म्हणजे गोणपाट, बांधायला हवं होतं. तिच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, पण आई काकूच्या दारात जाण्याआधी खरं सांगायलाच हवं. तुम्ही सुरुवात कशी केली असती?