कुठली लायन?

"तुझा सासरा लायनीवर बघितला गो," दारात पाटी उतरवत कमळी म्हणाली, आणि माझ्या हातातलं ताटच पडलं.

आमच्या कासू गावात लायन म्हणजे रेल्वे. आणि माझे सासरे, गुणाजीबाबा, कानानं पार गेलेले. कानाशी तोंड नेऊन ओरडावं, तेव्हा कुठं 'काय गो?' म्हणणार. दुपार टळली तरी जेवायला आले नव्हते. मी तशीच अनवाणी धावत सुटले. मनात नाय नाय ते येत होतं. रुळांपाशी पोचते तर मालगाडी चाललेली, डब्यामागून डबा, मेली संपता संपेना. ती गेल्यावर काय बघावं लागेल, या भीतीनं मी डोळेच मिटून घेतले. देवीला नवस बोलले.

गाडी गेली. रूळ मोकळे. बाबा कुठं दिसत नाय.

मागून कमळी धापा टाकत आली. "अगो, ही नाय! जुनी लायन, डोंगरातली! मी काकड्या विकते तिथली!"

"मग आधी सांगायला काय झालेलं तुला?" मी तिच्यावरच खेकसले.

ती लायन दगडखाणीची. तरुणपणी बाबा तिच्यावर गँगमन होते, रूळ तपासत दिवसभर त्यावरनंच चालायचे. खाण बंद पडली, रूळ उपटून नेले, आणि आता मुरूम टाकून, बाकडी मांडून तिथं फिरायची वाट केलीय. रविवारी पेणची माणसं येतात आणि फोटो काढतात.

रूळ ओलांडून मी वर गेले. वाटेच्या मधोमध, हात मागं बांधून, बाबा आरामात चाललेले. हाका मारून घसा बसला. शेवटी खांद्याला हात लावला, तर उडी मारून बाजूच्या चरात गेले! तोंड पांढरंफटक.

"जीव खाल्लात माझा!" मी कानाशी ओरडले. "फिरायला अंगण नाय का?"

"हितं मागनं गाडी येत नाय," ते म्हणाले. "खाली रूळ ओलांडायचं भ्या वाटतं. कुणी ओलांडणारं आलं की त्याच्या मागनं जातो. नाय आलं तर थांबतो."

"मग घरात सांगितलं का नाय?"

"गँगमननं सांगायचं व्हय?"

मला रडूच आलं.

खाली रुळांपाशी आलो. मी दोन्हीकडं नीट बघितलं. सासऱ्यानं सुनेचा हात धरायची आमच्यात रीत नाय. बाबांनी माझा हात धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाय.