एका झोपेत भरणारी जखम

यवतच्या एसटीत रोज शेजारी बसणारा तो माणूस खिडकीबाहेर बघत खिशातले फासे घोळवायचा. रविवारी मित्र जमवून तो गोष्टीचा खेळ खेळे. प्रत्येकानं एक वीर व्हायचं, आणि फासा पडेल तसं वीराचं नशीब. खेळाच्या पुस्तकात नवे नियम छापून आले, तेव्हा मी विचारलं, "आवडले का?"

"एक आवडला. वीर कुठल्या कुळातला ते आता बघत न्हाईत, काय काम करत आला त्यावर ताकद ठरती. आमी मेंढरामागं फिरलेली माणसं, बरं वाटलं."

"आणि नावडता?"

"एका झोपेत वीराच्या सगळ्या जखमा भरत्यात. लांडग्यानं धरलेली मेंढी आमचे आबा महिनाभर मांडीवर घेऊन बसायचे. तो महिनाच काढून टाकला की हो!"

बाहेर कासुर्डीचा माळ धुक्यात तरंगत होता. तिथं मला कुणीतरी मांडी घालून बसलेलं दिसलं.