देते किती?

गाडी दिसली की आमचे नाना मालकाला नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट खिडकीशी वाकायचे आणि विचारायचे, "देते किती?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर जाते. ओळख असायची काही गरज नाही. सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस चालायचा, लग्नात नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी चालायची. एकदा बाबांच्या छातीत दुखलं म्हणून अॅम्ब्युलन्स बोलावली होती. बाबांना स्ट्रेचरवर घेतायत, आई रडतेय, आणि नाना ड्रायव्हरपाशी! "डिझेल ना? देते किती?" बाबांना नंतर कळलं, नुसती अॅसिडिटी होती. पण आई पुढचे कितीतरी दिवस सख्ख्या भावाशी बोलली नाही.

नाना माझे मामा. जळगावच्या पिंप्राळ्यातली सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची म्हणून मीही नानाच म्हणायचे. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, दोन गल्ल्या सोडून घर, मुलगा बंगलोरला. त्यामुळे त्यांच्या हाताशी असलेलं तरुण आणि लायसनवालं माणूस म्हणजे मी. हे माझं नशीब. ज्यांच्या घरात असे नाना आहेत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेलच!

तर झालं असं की नानांनी जुनी पेट्रोल गाडी विकली. "आता पंधरा दिवसांत नवी घेतो," म्हणाले. आणि मग दोन वर्षं नुसतं कम्पेअर करत बसले. दोन वर्षं! हायब्रीड घ्यायची की प्लगवाली, म्हणजे घरी चार्ज करायची ती, एवढाच प्रश्न होता. लोक एवढ्या वेळात घर बांधतात हो.

पहाटे पाचला मला व्हॉइस मेसेज यायचे. "पोरी, ऐक. प्लगवाली घरी चार्ज केली तर रुपया-दीड रुपयात किलोमीटर. हायब्रीडला पेट्रोल लागतंच, चार-साडेचार धर." मी ब्रश करताना ऐकायचे, म्हणायचे चला, ठरलं. आंघोळ होईस्तोवर दुसरा मेसेज. "पण पोरी, बाहेर चार्ज केली की भाव तिप्पट. आणि बॅटरी गेली तर? हायब्रीडची बॅटरी आपली आपणच भरते, प्लगची भानगड नाही." चला, हायब्रीड ठरली. डबा भरेपर्यंत तिसरा! "पण हायब्रीड घेतानाच किती महाग आहे बघितलंस का? ते पैसे वसूल व्हायला किती चालवावी लागेल?"

"नाना," मी एकदा वैतागून ओरडलेच, "तुमचं रनिंग किती? घर ते भाजी मार्केट! त्यात काय वसूल होणारे? कुठलीही घ्या, पण घ्या!"

"म्हणूनच विचार करावा लागतो," नाना शांतपणे म्हणाले.

खरं रनिंग एकच होतं आणि ते मामीचं होतं. मामीचं माहेर साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. आई-वडील कधीच गेलेले. राहिलेली एकच मोठी बहीण, अक्का, तिथेच शेती करते. दोघींचे गुडघे गेलेले. मामीला एसटीची पायरी चढवत नाही, अक्काला गावाबाहेर पडवत नाही. जुनी गाडी होती तोवर मामी वर्षातून तीन-चार चकरा मारायची. गाडी विकली आणि ते बंद. दिवाळीला जाऊ, संक्रांतीला जाऊ, आखाजीला जाऊ. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी नाही म्हटल्यावर आमच्या खानदेशातल्या बाईला काय वाटतं ते नानांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांचं आपलं, "एकदा नीट ठरू दे, मग महिन्याला नेतो."

मामी तशी अहिराणीतच बोलते, आणि कमी बोलते. नाना पाहुण्यांसमोर हायब्रीडचं पुराण लावून बसले की ती चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणायची, "बठ्ठा हिसाब शे. गाडी नही शे." हिशोब सगळा आहे, गाडी नाही. पाहुणे हसायचे. मामी हसायची नाही.

शोरूमवाले तर नानांना लांबून बघून जेवायला जायचे. हायब्रीडची टेस्ट ड्राइव्ह घ्यायला मी सोबत होते. सेल्समननं बटण दाबलं, गाडी सुरू झाली, आवाज नाही, कारण आधी बॅटरीवरच चालते ती. नाना सेल्समनला म्हणाले, "सुरू कर ना." तो म्हणाला, "सर, सुरूच आहे." नाना म्हणाले, "मग बंद पडली हे कसं कळणार?" तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

मागच्या मे महिन्यात अखेर मामीनं जेवण वाढताना सांगून टाकलं, अक्काला बरं नाही, मी जाणार, एसटीनं जाणार, पडले तर पडले. तेव्हा नाना हलले. पण कसे हलले बघा! सरळ भाड्याची गाडी करावी ना? नाही. गल्लीतल्या कापडवाल्या शेठजींनी नवी प्लगवाली घेतली होती, ती मागून आणली. म्हणजे साक्रीही होईल आणि टेस्टही होईल. शेठजींनी चावी देताना हात जोडले, "नाना, गाडी खुशाल न्या, दोन दिवस ठेवा. फक्त परत आल्यावर मला हिशोब सांगू नका."

आता मे महिन्यातलं जळगाव काय असतं ते मी सांगायला नको. पारोळा यायच्या आतच नानांनी एसी बंद करायला लावला. "एसी बॅटरी खातो." काच उघडली तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखं. थोड्या वेळानं काचही बंद, कारण काच उघडी असली की वारा गाडीला मागे ओढतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. मामी मागे पदरानं वारा घेतेय, मी घामानं स्टेअरिंगवरून घसरतेय, आणि नाना स्क्रीनवरच्या टक्क्यांकडे बघतायत, ताप उतरतोय का बघावा तसे. त्यात त्यांना कळलेलं की ब्रेक मारला की बॅटरी थोडी परत भरते. झालं! जिथे उतार येईल तिथे, "दाब, दाब, भरू दे." मी दाबायचे, मामीच्या मांडीवरचा डबा पुढे, मामी त्याच्या मागे.

धुळ्याला चार्जिंगला थांबलो. दोन मशिनं होती. एक बंद. दुसऱ्याला एक गाडी लावलेली आणि तिचा मालक जेवायला गेलेला, फोन लागत नाही. आम्ही एका टपरीच्या सावलीत बसलो. मामी रस्त्याकडे बघत होती. साक्रीकडे जाणारी एसटी समोरून गेली. मग दुसरी गेली. "मी यामां बशी जातू ते पोची जातू," एवढंच ती म्हणाली. यात बसले असते तर पोचले असते. आणि त्या गाडीचा मालक आल्या आल्या नानांनी काय केलं असेल? ओरडले? छे! "तुमची देते किती?"

गावात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अक्का ओट्यावरच बसलेली, सकाळपासून. दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून नुसत्या बसल्या. काय बोलल्या मला ऐकू आलं नाही, मी मुद्दामच लांब गेले. पण नाना अंगणात वायर घेऊन फिरत होते. गावात लाइट नव्हती. कधी येईल तेही कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे धुळ्याच्या चार्जिंगवरच परत धुळ्यापर्यंत जायचं. नानांना घाम फुटला. "निघू या," म्हणाले. अर्ध्या तासात!

आणि मग ते घडलं. अक्कानं बहिणीसाठी वानोळा काढून ठेवला होता. शेतातलं आपल्या हातचं, जाताना बांधून द्यायचं, ते काही विकत घेता येत नाही. भुईमुगाच्या शेंगांचा कट्टा, कांद्याचा कट्टा, नागली, आणि उन्हाळ्यात केलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. गुडघे धरून धरून केलेले. अक्काचा पुतण्या कट्टे डिकीत टाकायला लागला तर नाना आडवे आले. "नको, नको, वजन होईल. रेंज कमी होते."

अक्काला रेंज कळली नाही. तिनं मामीला विचारलं, "काय कमी व्हस?" शेवटी नानांनी फक्त बिबडे घेऊ दिले. का, तर त्यांना वजन नसतं! शेंगा, कांदे, नागली तिथेच ओट्यावर राहिली. आम्ही निघालो तेव्हा अक्का त्या कट्ट्यांच्या शेजारी उभी होती. मी आरशात बघितलं. मला इतका राग आला होता ना की मी एकाही उतारावर ब्रेक मारला नाही.

परतीला धुळ्याचं मशीन रिकामं होतं, पटकन भरली. घरी पोचलो तेव्हा बॅटरी भरपूर शिल्लक. नाना खूश. "बघा, बघा, किती उरली!" मामी उतरली, बिबड्यांचं गाठोडं छातीशी धरलं आणि म्हणाली, "बॅटरी उरनी. मना वानोळा तठेच राही गया." आणि आत गेली. नाना बराच वेळ बंद गाडीत बसून राहिले. टक्के दिसत नव्हते, तरी तिकडेच बघत.

दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॉइस मेसेज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला काळजी वाटायला लागली तोवर शोरूममधल्या त्या मुलाचाच फोन. "मॅडम, तुमचे नाना आलेत. कांद्याचा कट्टा घेऊन आलेत." रिक्षात घालून, मार्केटमधून! मी धावत गेले. चकाचक फरशी, पांढऱ्या शर्टातली माणसं, आणि मध्ये नाना स्वतः कट्टा उचलून हायब्रीडच्या डिकीत ठेवतायत, काढतायत, आडवा, उभा. फरशीवर सगळीकडे कांद्याची सालं. मग म्हणाले, "असे तीन बसतात. ही घेतली." एकदाही विचारलं नाही, देते किती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नाना, प्लगवाली किलोमीटरला स्वस्त होती ना?"

"होती," म्हणाले. "गावात चालवायला आजही तीच स्वस्त. पण मी हिशोबात साक्री धरली नव्हती. नुसता रस्ता धरला होता, अक्काचे कट्टे नाही."

आणि आता पुढचं ऐका, म्हणजे तुम्हालाही माझ्यासारखंच होईल. त्या गाडीला वेटिंग होतं. काही महिन्यांचं. दोन वर्षं विचार करणाऱ्या माणसाला कंपनीनं थांबायला लावलं. आणि श्रावणातल्या एका दुपारी नाना जेवून खुर्चीत बसले, ते तिथेच गेले. डिलिव्हरीच्या आधी! इतकं सगळं आम्हाला ऐकवलं आणि स्वतः एकदा बटणसुद्धा दाबलं नाही. असं करतात का कुणी? शववाहिनी आली, तिचा ड्रायव्हर खाली उतरला, आणि मला खरंच वाटलं, आता उठतील आणि विचारतील.

गाडी दिवाळीच्या तोंडावर आली. मामी म्हणाली, "चाल, अक्काकडे." एसी लावून गेलो. धुळ्याला थांबावं लागलं नाही. दोघी बहिणी दिवसभर बसल्या, रडल्या, हसल्या, जेवल्या. निघताना अक्काच्या पुतण्यानं कट्टे आणले आणि दबकत मला विचारलं, "टाकू का?" मी डिकी पूर्ण उघडली. तीन कट्टे बसले. नाना म्हणाले होते तसेच, एक आडवा, दोन उभे.

येताना धुळ्याच्या पुढे चहाला थांबलो. एक म्हातारे गृहस्थ, पांढरी टोपी, स्कूटर लावून थेट आमच्या खिडकीशी वाकले. नमस्कार नाही, काही नाही. "हायब्रीड ना? देते किती?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीतच नाही. कुणी मोजलंच नव्हतं. मोजणारा माणूसच नव्हता ना गाडीत.

मामीनं मागे वळून डिकीकडे पाहिलं. मग त्या बाबांकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"बठ्ठं देस," ती म्हणाली. "उशिरा देस, पण बठ्ठं देस."