पाच वर्षं झाली की मूल बापाचं?

आज कशेळ्याहून कर्जतला येताना जीपमध्ये कुटुंब कायद्याचं पुस्तक वाचत होते. शेजारच्या बाईंच्या मांडीवरच्या मुलीला वय विचारलं. "चार," ती आईकडे बघत म्हणाली.

"पाच झालीत, ताई," पुस्तक कायद्याचंच ना, हे विचारून घेत आई हळूच म्हणाली. "मी माहेरी ऱ्हाते. सासू म्हणते, पाच झाली का पोर बापाची, कायदाच हाय तसा."

मी म्हटलं, कायदा तसा नाही. पाचच्या आतलं मूल सहसा आईकडे असावं, एवढंच तो म्हणतो. पुढेही न्यायालय मुलाचं हितच बघतं. मी अजून शिकतेय, म्हणून तालुका कोर्टातल्या मोफत वकिलाला भेटायला सांगितलं.

"मंग शाळेत घालू हिला? तिथं वय लिवतात, म्हणून थांबले होते."

तुमच्याकडे कायद्याच्या नावाखाली काय काय सांगतात?