सरासरी सव्वीस

हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसून बसून तिचे कान अपघातांनी भरले होते. कोण कुठे आदळलं, कोणाचं डोकं फुटलं, सगळं आधी तिच्या कानावरून जायचं आणि मग वॉर्डात पोचायचं. बरोबरच्या बायका पाठीमागे तिला धास्तीकाकू म्हणत. तिला ते माहीत होतं. म्हणेनात का! त्यांच्या लेकी कुठे सायकलवर जातात?

तिची एकुलती एक लेक जात होती. कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती कामाला. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करायचे, आणि त्याआधी सकाळी सायकल. रस्ता ठरलेला: पूल, खाणीचा चढ, टोलनाका आणि परत. आली की घाम पुसायच्या आधी हँडलवरच्या मीटरमधली सरासरी मोठ्याने वाचायची. गावातल्या सायकल गटात शिरायचं तर ताशी सव्वीस किलोमीटर हवी होती. हिची चोविसाला चिकटून बसलेली.

"काहीतरी चुकतंय माझं, आई. उद्या उतारावर ब्रेकच लावत नाही बघ."

उतारावर ब्रेक न लावलेल्यांचं पुढे काय होतं, हे आईने बोर्डावर पुष्कळ ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात लेकीने सायकल दुरुस्तीला टाकली आणि ती आणायला आई गेली. हे मीटर चालतं कसं, असं तिने सहज विचारावं तसं विचारलं. दुकानदार म्हणाला, सोपं आहे. चाक किती वेळा फिरलं ते मीटर मोजतं, आणि चाकाचा घेर आपण त्यात भरून ठेवलेला असतो.

"मग घेर जरा मोठा भरला तर?"

"आकडा वाढेल, वहिनी. वेग नाही वाढायचा."

"वेग हवाय कुणाला मेला!"

दुकानदाराने मान खाजवली, हसला आणि बटणं दाबून दिली. पोरीला आकडा मिळेल, तिच्या जिवाला स्वस्थता येईल, ती सावकाश येऊ लागेल. आईचं गणित इतकं सरळ होतं.

दुसऱ्या दिवशी लेक नाचतच आत आली. "सव्वीस! दुरुस्तीनंतर पळायलाच लागलीय सायकल!"

"शाबास गं राणी!"

"पण अंतरही जास्त दाखवतंय गं."

"पुलाजवळ रस्ता खणलाय ना, वळसा पडत असेल," आई म्हणाली. खोटं इतकं अलगद तोंडातून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढे रोज सव्वीस, रोज शाबास. लेक आता समाधानी झाली, असं आई धरून चालली. एका रविवारी मात्र लेक न सांगता त्या गटाबरोबर गेली आणि भर दुपारी परतली ती काळवंडल्या चेहऱ्याने.

पहिल्याच टप्प्यात ती मागे पडली होती. पुढे सगळे तिच्यासाठी थांबले. कोणीतरी मीटर ताडून पाहिले. सगळ्यांनी एकच रस्ता कापलेला, पण हिचं अंतर सगळ्यांत जास्त. माझंच बरोबर आहे म्हणून ही भांडली. मग गटप्रमुखाने टेप काढून चाकाचा घेर मोजला; मीटरमध्ये भरलेला त्याहून मोठा निघाला. "या सव्वीसवाल्या बाई," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले.

"मीटरला कोणी हात लावला, आई?"

आई पाणी आणायला वळली. लेकीला तेवढं पुरलं.

"काळजीपोटी गं. तूच म्हणालीस ना, ब्रेक लावणार नाही..."

"मी रोज आकडा सांगायचे. तू रोज शाबास म्हणायचीस. रोज!"

"मी येते त्यांच्याकडे. सांगते की चूक माझी आहे."

"काय सांगशील? तिशीला आलेल्या बाईच्या मीटरची बटणं तिची आई दाबते? आज निदान खोटारडी म्हणाले. मग कुक्कुलं बाळ म्हणतील."

जेवण तसंच झाकलेलं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून सायकल घरी आली नाही. कारखान्याच्या आवारात ठेवते म्हणे. कोणत्या रस्त्याने जाते, उतारावर काय करते, आईला काही कळत नाही. न राहवून तिने एकदा विचारलंच, "सरासरी किती येते गं हल्ली?"

लेक चपला घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला हवी तेवढी धर."