आवडीची टीम

आमच्या टीमचा इतिहास कुणी लिहिलाच तर त्यात तीन वर्षं, एक मालक आणि शेवटची हार एवढंच येईल. त्या शेवटच्या रविवारी सुरुवातीच्या काही मिनिटांत काय झालं, ते कुणी लिहिणार नाही. मला ते ठाऊक आहे आणि त्यामुळे हात कामाला लागत नाही. कापड घेते, ठेवते, पुन्हा घेते.

'आवडीची टीम' म्हटलं की फोनवर साताऱ्याची जाऊ हसते. "तुमच्या आवडीची होय? मग नावडीची कुठली?" आवडी हे इकडच्या तमिळ मुलखातल्या आमच्या गावाचं नाव आहे, हे तिला दहादा सांगून झालं. आमचे हे इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर. मी क्वार्टरमध्ये शिलाई करते. मॅनेजर शेजारणीचा भाऊ, म्हणून टीमचं काम माझ्याकडे आलं. कोऱ्या जर्सी यायच्या, मी पांढऱ्या कापडाचे आकडे कापून त्यांच्या पाठीवर शिवायची.

फुटबॉल हॉलमधला. एका बाजूला पाच जण, चेंडू जड, फारसा न उसळणारा. शेजारच्या अंबत्तूरला पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या मालकाने टीम काढली, खेळाडूंना महिन्याचा पगार ठेवला. रंगाच्या डब्यांचं जुनं गोदाम झाडून त्यात लाकडी जमीन घातली. पहिलं वर्षभर रंगाचा वास गेला नाही. खेळाडू डोकं धरून बसायचे. दुसऱ्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीत गेलो. कारखान्यांची पाळी सुटली की माणसं डबे घेऊन थेट हॉलमध्ये यायची. मी दाराजवळच्या शेवटच्या ओळीत बसायची, पिशवीत कात्री आणि दोरा. कुणी विचारलं तर सांगायला, की कामाला आले आहे.

तिसऱ्या वर्षी हार सुरू झाली ती थांबेना. मालकाने सर्वांसमोर सांगितलं, "रविवारी हरलात तर कुलूप."

आमचा गोलकीपर अडतीस वर्षांचा. दुसरी टीम त्याला घेणार नव्हती, हे तोच सांगायचा. मी त्याला तंबी म्हणायची, इथे धाकट्या भावाला म्हणतात तसं. ह्यांना त्याची गंमत. "हाक मारतेस की दम देतेस?"

गुरुवारी त्याची जर्सी खांद्यावर फाटली. नवी आली, पण माझ्या बोटातून मशीनची सुई गेली होती. मी चिठ्ठीवर आकडा लिहिला, जर्सीला टाचणीने लावला आणि मुलीला म्हटलं, एवढं शिव. माझी शाळा चौथीपर्यंत, मराठी. हात आपोआप तोच एक काढतो: १. मुलगी इथे जन्मली. माझ्याशी मराठी बोलते, पण वाचते तमिळ आणि इंग्रजी. तिने तो इंग्रजी नऊ वाचला आणि नऊच शिवला. सुबक शिवला. जर्सी घडी घालून पाठवूनही दिली.

रविवारी गोलकीपर मैदानात आला आणि पंचाने यादी बघितली. यादीत नऊ नंबर नव्हताच. आकडा जुळल्याशिवाय खेळायचं नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्या गोलकीपरला उभं केलं आणि शिट्टी वाजली.

मॅनेजर गॅलरीकडे वळून ओरडला, "टेलर अक्का! टेलर अक्का एंगे?" कुठे आहे, कुठे आहे. लोक माना वळवून शोधू लागले.

मी पदर पुढे ओढला आणि बसून राहिले.

का, ते मला नीट सांगता येत नाही. एवढ्या लोकांसमोरून चालत खाली जायचं होतं. मॅनेजर पुन्हा ओरडला. पुढे बसलेला एक म्हातारा म्हणाला, "अक्का घरी डोसे घालत असेल!" आणि ओळभर हसू पसरलं. तेवढ्यात पहिला गोल बसला. मग मात्र उठले. कशी गेले ते आठवत नाही.

नवाचा उजवा दांडा सरळ होता. वरचं वेटोळं आणि खालची शेपटी काढली की एक उरणार होता. गोलकीपर जर्सी काढून माझ्यापुढे बनियनवर बसला. "सीक्किरम, अक्का," लवकर, असं म्हणत होता, पण हळू आवाजात, मी घाबरू नये म्हणून. टाके बारीक होते. मी ते उसवत असताना दुसरा गोल झाला.

त्यानंतर तो खेळला आणि आमच्या पोरांनी चार गोल केले. सामना चाराला पाच असा, एका गोलाने गेला. मालकाने शब्द पाळला. आठवड्यात हॉलला कुलूप लागलं, खेळाडू आपापल्या वाटेने गेले.

मॅनेजरला मी सांगितलं की आकडा माझा चुकला. मुलीचं नाव घेतलं नाही. ऐकूनही बसून राहिले होते, हेही सांगितलं नाही. गोलकीपरला मात्र सांगितलं. तो घरी आला होता, आता वेलचेरीला एका इमारतीत सिक्युरिटीला लागला आहे. ऐकून म्हणाला, "परवायिल्ले अक्का, असू दे. ते दोन्ही गोल मलाही अडवता आले नसते."

हे ऐकून मला आणखीच चैन पडेना. त्या सामन्याचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर काढला होता. मुलीकडून तो मिळवला आणि ती कॉलेजला गेल्यावर स्वयंपाकघरात उभ्याने पाहिला. पहिला गोल कोपऱ्यातून असा आला की कुणाचाही हात पोचला नसता. दुसरा जमिनीवरून आला. साधा, सरळ, हळू. बदली गोलकीपर उगाच उजवीकडे झुकला आणि चेंडू डावीकडून गेला. मी तो सात-आठ वेळा पाहिला.

काल गोलकीपरचा फोन आला, बायकोच्या ब्लाउजचं विचारायला. माप सांगून झालं तरी मी फोन ठेवेना.

"तंबी, मी व्हिडिओ पाहिला."

त्याने काही म्हणायच्या आत मी पुढे बोलले.

"दुसरा तू अडवला असतास."

मागे त्याच्या इमारतीच्या फाटकाचा आवाज आला, कुणाची तरी गाडी आत गेली. मग तो म्हणाला, "हो अक्का. तो मी अडवला असता."